मागचे बोल्ट

थोरल्याने धाकट्याची बोटं गॅरेजातल्या वाइसच्या लोखंडी जबड्यात धरली आणि हँडल फिरवलं. "बोल्ट आवळले होतेस की नाही?"

"राहिले असतील."

थोरल्याने आणखी अर्धा फेरा दिला. त्याची स्वतःची भुवई फाटली होती, रक्त डोळ्यात उतरत होतं, पण त्याला त्याची शुद्ध नव्हती. त्याची गाडी पलीकडच्या वळणावर भिंतीत घुसून पडली होती. सुट्या भागांचा संच मागवून दोघा भावांनी तीन वर्षं खपून जोडलेली गाडी. थोरला जिवापाड जपायचा तो फक्त तिला. घरातल्या माणसांच्या वाट्याला त्याचे हात यायचे.

गाडीत खोड एकच होती. वळताना तिचं मागचं अंग उड्या मारायचं. म्हणून या महिन्यात त्यांनी मागचं सगळं सस्पेन्शन बदललं. लांब स्प्रिंगा घातल्या, नवे शॉकअब्सॉर्बर घातले, चाकं धरून ठेवणारे जाड दांडे घातले. त्या दांड्यांचे बोल्ट आवळायची एक रीत असते. गाडी जॅकवर असताना ते नुसते हाताने लावून ठेवायचे. गाडी चाकांवर उतरली, तिचं वजन पडलं, की मगच आवळायचे, नाहीतर आतलं रबर पिळवटून फाटतं. या लावण्यात आणि आवळण्यात एक रात्र गेली की भलेभले विसरतात. धाकटाही विसरला, असं थोरल्याचं म्हणणं होतं. सकाळी पहिल्याच वळणावर मागचं चाक आत दुमडलं होतं.

धाकटा विसरला नव्हता. काल संध्याकाळी गाडी खाली उतरवून त्याने एकोणीसच्या पान्याने आठही बोल्ट आवळले होते, वर एकेक पुन्हा तपासला होता. तो कारखान्यात लेथवर काम करायचा. हात गेला की सगळंच गेलं. तरी तो खरं सांगेना. त्याने आवळलेले बोल्ट आपोआप सुटणारे नव्हते, आणि घरात तिसरं माणूस एकच होतं. ते थोरल्याच्या डोक्यात येऊ नये, एवढीच त्याची धडपड होती.

"विसरलो मी," तो कळवळून म्हणाला. बोटातलं हाड मोडल्याचा आवाज झाला.

त्याची वहिनी, थोरल्याची बायको, दारात येऊन उभी राहिली. परवापासून तिचा गाल सुजलेला होता, शब्द नीट फुटत नव्हते. "भाऊजींना सोडा. बोल्ट मी सैल केले."

 थोरल्याला हसू फुटलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि गॅरेजात केर काढण्यापलीकडे त्याने तिला कशाला हात लावू दिला नव्हता. हँडल न सोडता त्याने विचारलं, "मागच्या बोल्टांना कितीचा पाना लागतो, ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"एकोणीसचा," वहिनी म्हणाली. "सोड त्यांना."