तीन इंच उजवीकडे

एल्डनने टॉवेलमधून बंदूक काढली आणि नॅडीनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली. नॅडीनने घेवड्याच्या शेंगांचं भांडं उचलून मांडीवर घेतलं. घरात कुणी बंदूक आणली म्हणून दचकायची ओहायोच्या त्या भागात पद्धत नव्हती. शेंगांना तेल लागू नये, एवढीच तिची काळजी.

"रिकामी आहे," एल्डन म्हणाला. नळीखालची लाकडी मूठ त्याने खटकन मागे ओढली, पुढे लोटली, पुन्हा ओढली आणि आत काही नाही हे तिला वाकून बघायला लावलं. "ओळखलीस? दस्त्यावर तीनचा आकडा डागलाय बघ. जत्रेतली. तीच!"

"एल्डन, ही जर ती—"

"थांब, आधी पूर्ण ऐक."

बंदूक देखणी झाली होती, यात वादच नाही. जत्रेत नेमबाजीचा स्टॉल लावणाऱ्या कंपनीचं जुनं गोदाम लिलावात निघालं, तेव्हा ती गंजलेल्या सळईसारखी एका पिंपात उभी होती. एल्डनने आठ महिने तिच्यावर घालवले. गंज उकळून काढला. अक्रोडाच्या दस्त्याला रोज तळहाताने जवसाचं तेल चोळलं. नळी आतून झिजली होती, तिच्यात नवी नळी बसवली. एक स्प्रिंग कुठेच मिळेना, ती घरी वळवली. इतकी सेवा त्याने आपल्या दोन्ही बायकांची मिळून केली नव्हती. पहिली चार वर्षांनी सोडून गेली, दुसरी अकराव्या वर्षी. जाताना दोघींनी जवळजवळ एकच तक्रार केली होती, पण ती नेमकी काय होती, हे एल्डनला आठवत नव्हतं.

फक्त नेम धरायच्या मागच्या खाचेला त्याने बोट लावलं नाही. ती खाच कुणीतरी मुद्दाम उजवीकडे सरकवून हातोडीने पक्की बसवून टाकली होती. नेमबाजीच्या क्लबातली मंडळी हसली. एवढी बंदूक नवी केलीस आणि नेम तेवढा वाकडा ठेवलास? एल्डनचं आपलं एकच म्हणणं: पुरावा कुणी पुसून टाकतं का?

कारण त्याच्या लेखी त्याच्या आयुष्याचं वाटोळं या खाचेने केलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात नॅडीन त्याच्याबरोबर फिरायची. जत्रेत त्याने तिला मोठं निळं अस्वल जिंकून द्यायचं कबूल केलं, चाळीस गोळ्या झाडल्या आणि पत्र्याचं एकही बदक पाडलं नाही. लोक हसले. तो तणतणत सरबत आणायला गेला. परत येऊन बघतो, तर रस ओबरली नावाचा दूधवाल्याचा पोरगा अस्वल काखोटीला मारून उभा, आणि नॅडीन त्याच्याकडे बघून हसतेय. पुढच्या जूनमध्ये त्यांचं लग्न झालं.

रस जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. एल्डन लोकलाजेखातर तेवढं थांबला. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, नाकातले केस कापले होते, आणि 'उरलेली वर्षं आपण एकत्र काढू' हे वाक्य गाडीत सहा वेळा म्हणून पाहिलं होतं. त्याआधी बाजू मांडणं तेवढं बाकी होतं.

त्याने खिशातून चार कागद काढून तिच्यासमोर पसरले. प्रत्येकाच्या मधोमध काळा ठिपका, आणि ठिपक्यापासून तीन इंच उजवीकडे गोळ्यांनी पाडलेलं एकच भोक.

"बंदूक शिकंज्यात आवळून मारल्या. म्हणजे हात हलला म्हणायची सोय नको. एका कागदावर दहा, असे चार कागद. चाळीस! सगळ्या तीन इंच उजवीकडे."

"एल्डन, मला हे—"

"ऐक तर खरं! मी चुकलो नव्हतो, नॅडीन. माझ्या चाळीसच्या चाळीस गोळ्या सरळ होत्या. लबाडी बंदुकीची होती. ही खाच जागेवर असती, तर ते अस्वल मीच तुला दिलं असतं. तू माझ्याबरोबर घरी आली असतीस. सगळंच..."

त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते मात्र अगदी खरे भरले होते. हा माणूस अठ्ठेचाळीस वर्षं मनापासून दुःखी होता.

नॅडीनने कागद उचलले, एकावर एक ठेवले आणि खिडकीकडे धरून भोकातून बाहेर पाहिलं.

"खाच वाकडी होती, ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझी प्रत्येक गोळी बदकाच्या उजवीकडं पत्र्यावर टण्णकन वाजत होती. मी तुझ्या शेजारी उभी होते ना! पाचव्या गोळीला तुला म्हटलं, अरे, जरा डावीकडं धर. तू म्हणालास, मध्ये बोलू नकोस. दहाव्याला पुन्हा म्हटलं. विसाव्याला तुझी बाही ओढली, तर म्हणालास, बंदुकीतलं तुला काय कळतं?"

एल्डनने वाकड्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"मग तू सरबताला गेलास आणि रस आला," नॅडीन शेंग मोडत म्हणाली. "त्यालाही मी तेच सांगितलं. त्यानं ऐकलं."