पान्हा

गोठ्यातला दोर कापलेला होता. सरलाबाईंनी त्याचं टोक हातात धरून नीट पाहिलं. म्हशीने हिसडा देऊन तोडलेला दोर पिंजलेला असतो. हा पात्याने कापल्यासारखा सरळ होता.

खाडीचं पाणी त्यांच्या बमरोलीत शिरलं तेव्हा त्या कामरेजला लेकीकडे होत्या. रस्ते बंद झाले आणि तीन दिवस तिथेच अडकल्या. पहिल्याच दिवशी शेजारच्या आनंदीचा फोन आला होता, म्हैस वर आहे, काळजी करू नका म्हणून. वर म्हणजे कुठे, हे विचारायच्या आत फोन तुटला आणि पुन्हा लागलाच नाही. अशा गोंधळात दुभती म्हैस टेम्पोत घालून न्यायला कितीसा वेळ लागतो, हेच तीन दिवस त्यांच्या मनात घोळत होतं.

घराचं कुलूप तुटलेलं. आत घोटाभर चिखल. पेटी जागेवर होती, भांडी होती. रोज गोठ्यात नेसायचं हिरवं जुनेर तेवढं खुंटीवर नव्हतं. पेटी सोडून जुनेर कोण नेतं? त्यांना ते आणखीच खटकलं.

गल्लीतल्या लोकांनी जवळच्या कापड मिलकडे बोट दाखवलं. माल चढवायच्या उंच ओट्यावर माणसं, शेळ्या, दोन गाई, आणि कडेला त्यांची म्हैस, चांदी, उभी होती. तिच्या कासेपाशी एक बाई पाठमोरी बसलेली. अंगावर हिरवं जुनेर.

बाई वळली. आनंदीच होती.

"लुगडं माझं, म्हैस माझी," सरलाबाई म्हणाल्या. "आणि दूध कुणाच्या घरात जातंय?"

आनंदी उठून उभी राहिली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत सुजला होता. तिने सांगितलं ते असं, की पाणी छातीला लागलं, भिजलेली गाठ सुटेना, तेव्हा तिच्या नवऱ्याने, नागनाथने, कोयत्याने दोर कापला. इथे आणल्यावर चांदी कुणाला जवळ येऊ देईना. दुसऱ्या दिवशी कास दगडासारखी झाली. आनंदी बसली तर लाथ खाल्ली. पारडू मेल्यापासून चांदी फक्त सरलाबाईंच्याच हाताला दूध देते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मग नागनाथने कुलूप तोडून जुनेर आणलं. जुनेराला सरलाबाईंचा वास होता. आधीचं नासलेलं दूध ओतून दिलं, पुढचं ओट्यावरच्या पोरांना वाटलं.

सरलाबाईंना पटलं नाही.

"सरक," म्हणत त्या स्वतः बसल्या. अंगावर लेकीची साडी होती, साबणाच्या वासाची. चांदीने मान वळवून हुंगलं आणि पाय उचलला. पुराने बुजलेली ती. सरलाबाईंनी नाव घेतलं, पाठ थोपटली, सड ओढून पाहिले. थेंब आला नाही. चांदीने पान्हा चोरला होता.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या. आनंदीकडे न बघता त्यांनी बादली तिच्यापुढे सरकवली.

"जुनेर धुऊन देते मी, मावशी," आनंदी म्हणाली.

"एवढ्यात नको."

सरलाबाई चांदीच्या तोंडापाशी जाऊन उभ्या राहिल्या. बादलीच्या बुडावर धार वाजली.