कच्च्या शब्दांचा डबा

मोठ्या बाईंनी केसाने गळा कापला. याला सभ्य शब्दही असतील, ते त्यांनाच लखलाभ.

दुसरीच्या वर्गात खिडकीपाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. तो मोठ्या बाईंनीच आणून दिलेला. "पोरं आधी नुसती अक्षरं लिहितात," त्यांनी वर्गाच्या बाईंना शिकवलं होतं, "काना-मात्रा मागून येतात. ऱ्हस्व-दीर्घ तर सगळ्यात शेवटी. दात येतात ना, तसं. हिरडी ओढून दात येत नाही, बाई." म्हणून चुकलेल्या शब्दावर फुली मारायची नाही, चिठ्ठी डब्यात टाकायची. रोज सारख्या वळणाचे शब्द मुलांकडून एका रांगेत मांडून घ्यायचे. पाणी, राणी, गाणी. एक दिवस पोराच्या डोक्यात उजेड पडतो आणि ते आपली चिठ्ठी आपणच काढून नीट करतं. दुसऱ्या कुणी डब्यात हात घालायचा नाही. कायदा मोठ्या बाईंचाच.

शेवटच्या बाकावरच्या पोरीला सगळे 'मुकी मैना' म्हणत. पहिलीत लाल फुल्या खाऊन खाऊन तिने पेन्सिलच टाकली होती. वर्गाच्या बाई तिच्या मागे लागल्या, गोंजारलं, शेवटी गळ्याला हात लावून म्हणाल्या, "शप्पथ. तुझ्या चिठ्ठीला कुणी हात लावणार नाही." काल तिने पहिली चिठ्ठी टाकली.

आज तपासणीचे साहेब आले. त्यांनी डबा उचलून हलवला. "यात काय, खाऊ?"

वर्गाच्या बाईंनी मोठ्या आशेने मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"कसला खाऊ, साहेब!" मोठ्या बाई हसल्या. "या बाईंचं खूळ. कितीदा सांगितलं, चुका काय लोणच्यासारख्या मुरवायच्या असतात?" झाकण उघडलं, वरचीच चिठ्ठी काढली, मोठ्याने वाचली. "'बब घर य.' हा बब कोण गं बाई? बदकाचा भाऊ?"

साहेब हसले. साहेब हसले म्हणून वर्ग हसला. मोठ्या बाईंनी लाल पेन काढलं आणि खिळे ठोकावेत तसे काने-वेलांटी ठोकले. 'बाबा घरी या.'

वर्गाच्या बाईंच्या ओठांवर आलं होतं सगळं. डबा कुणाचा, कायदा कुणाचा. पण त्या अजून नोकरीत कायम झाल्या नव्हत्या, आणि कागदावर सही मोठ्या बाईंची लागणार होती. वर्गाच्या बाई फरशीचे तडे बघत उभ्या राहिल्या.

साहेब चहाला गेले. मोठ्या बाई दाराशी घुटमळल्या, हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हो. वेळ मारून न्यावी लागते."

त्या गेल्यावर मुकी मैना उठली. लाल झालेली चिठ्ठी तिने उचलली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली.

"बाळा," बाई घाईघाईने म्हणाल्या, "मोठ्या बाईंनी असं करायला नको होतं."

"शप्पथ त्यांनी नव्हती घेतली. तुम्ही घेतली होती. मग गप्प का बसलात?"

बाईंनी खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड केलं.

"बाई, फळ्याकडे नका बघू. सांगा."