अप्पांचा बंधारा

किनाऱ्यावरचा जुना बंधारा काढून नवा बांधायचा होता. वारसा खात्याच्या बाई खडूने खुणा करत होत्या. गोल म्हणजे दगड नव्या बंधाऱ्याच्या दर्शनी बाजूला बसणार. फुली म्हणजे त्याची खडी होणार.

गोल. गोल. गोल. सगळे अप्पांनी रचलेले. अप्पा खुर्चीत बसलेले आणि त्यांच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी. मीही गवंडीच, त्यांच्याच हाताखाली शिकलेला, पण मला गर्दीतल्या एकाने फक्त “जरा बाजूला व्हा” म्हटलं.

वादळात ढासळलेला कोपरा मी एकट्याने उभा केला होता. बाई तिथे थबकल्या.

“हा नंतरचा वाटतो. फुली?”

अप्पांनी माझा चेहरा पाहिला.

“छे हो बाई, तोही माझाच.”

“तरीच! असा हात दुसऱ्या कुणाचा असणार?”

गोल.

अप्पांनी मला डोळा मारला. “वाचवला की नाही?”

मी पहार उचलली, कोपऱ्यातला वरचा दगड उचकटला आणि समुद्रात लोटला. मग दुसऱ्याच्या सांध्यात पहार घातली.

अप्पा खुर्चीतून धडपडत उठले आणि आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत ओरडले, “अरे गाढवा, थांब! तू बांधलायस तो!”