लोंबती वायर

ऑफिसचे कॉम्प्युटर जोडणाऱ्या नेटवर्क स्विचच्या नोंदीत एकाच कॉम्प्युटरचा पत्ता क्षणात सातव्या पोर्टवर दिसे, क्षणात एकोणिसाव्या. आठवडाभर ऑफिसचं नेटवर्क बोंबललं होतं. “संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं नाही, तर उद्या येऊ नका,” साहेबांनी कंत्राटी तंत्रज्ञ प्रणिताला सुनावलं होतं.

दोन्ही पोर्टांचा माग काढत ती मीटिंग रूममध्ये पोचली. टेबलाखाली एकाच वायरीची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटांत खोचलेली. डेटा तिथेच गोल गोल फिरत होता.

“साहेबांचं काम,” शिपाई लहानूमामा पुटपुटले. “लोंबती वायर दिसली की खोचतात. अहवालात माझं नाव लिही पोरी, मी रिटायरच होतोय.”

प्रणिताने एक टोक उपटलं. नेटवर्क सुरळीत झालं. कारणाच्या रकान्यात साहेबांचं नाव लिहून तिने अहवाल त्यांच्यापुढे ठेवला.

“सही करा साहेब. उद्या येऊ की नको, तेही इथंच लिहा.”