सात नंबर

यंत्राच्या जागी मंजिरी बसली होती. नवा रायपूरच्या त्या चकचकीत इमारतीत तक्रारी ऐकणाऱ्या बोलक्या यंत्राची चाचणी सुरू होती. यंत्र अजून बनलंच नव्हतं, गाजावाजा तेवढा होऊन चुकला होता. म्हणून लोक पडद्याशी बोलायचे आणि काचेआडून मंजिरी उत्तरं टाइप करायची. ती उत्तरं पडद्यावर उमटायची, गोड आवाजात ऐकूही यायची. लोकांना वाटायचं, यंत्रच बोलतंय.

माणसं गोल बाजारातून बोलावलेली. येणाऱ्याला स्टीलचा डबा भेट आणि एक बंद लिफाफा. लिफाफ्यात एक खोटी तक्रार, ती वाचून आपल्या शब्दांत यंत्राला सांगायची. कोणाच्या वाट्याला कोणती, हे मंजिरीलाही ठाऊक नसे. नाव-पत्ता विचारायचा नाही, फक्त नंबर द्यायचा, हा नियम मात्र तिचाच. त्याने लोक मोकळे बोलतात म्हणे.

सात नंबरची बाई निळ्या साडीत आली. नवरा खाली गेटपाशी मोटरसायकलवर थांबला होता. ती बराच वेळ दाराकडेच पाहत राहिली. मग पडद्याजवळ सरकून हळूच म्हणाली,

“तो मले कोंडून ठेवते. काल उशीने तोंड दाबलं. आज घरी चल, मंग दाखवतो, म्हणून राहिला. आज सोडत नाही तो मले.”

मंजिरीच्या अंगावर काटा आला. काय बोलते ही बाई, नाटकातच जायला हवी! तिने ठरलेलं उत्तर पाठवलं. ‘तक्रार नोंदवली. मदत निघाली आहे. घरीच थांबा.’

“पक्कं येतील ना?”

मंजिरीने तेच उत्तर पुन्हा पाठवलं. बाईने डोळ्यांना पदर लावला. जाताना पडद्याला हात जोडले.

प्रकल्पप्रमुख निरंजन सर हसतच आत आले. “एकदम असली वाटून राहिलं! मशीनवर असा भरोसा आजवर कोणीच नाही ठेवला.”

मंजिरी खूश झाली. खिडकीतून तिला मोटरसायकल दिसली. रुंद, मोकळ्या रस्त्यावर ती बघता बघता लहान होत गेली.

आठ नंबरची तयारी करायला मंजिरी काचेपलीकडच्या खोलीत गेली. बाई डबा विसरली होती. तिने तो उचलला. खाली लिफाफा होता, चिकटवलेला, जसाच्या तसा. तिने तो टराटरा फाडला. आत लिहिलं होतं, ‘तुमच्या पारा-मोहल्ल्यात तीन दिवस नळाला पाणी नाही.’

“सर!” ती किंचाळली. “सात नंबरचा पत्ता?”

“पत्ता कुठला? तूच तर घेऊ देत नाहीस.”

रिकाम्या खुर्चीसमोर पडद्यावर तिची ओळ अजून तशीच होती. ‘मदत निघाली आहे. घरीच थांबा.’