वाऱ्याचा बंदोबस्त

बाहेर गुडघाभर बर्फ, दुपारी पाहुणे बाळाला बघायला येणार, आणि लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारी आमची शेगडी पेटायची, पण तिचा गरम हवेचा पंखा फिरेना. नवऱ्यानं राख उपसली, तारा तपासल्या, शेगडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. “वुकाशिन, तुझ्या हाताला यशच नाही,” सासूबाई पेल्यात राकियाची दारू ओतत म्हणाल्या. “बाळाला घेऊन दवाखान्यातून येताना गाडीचा हीटर बंद पडला, तो कुठे जमला तुला?” शेवटी त्यानं मागची जाळी काढली. पंख्यात बाळाचा लोकरीचा मोजा कोंबला होता. “आई!” तो ओरडला. “मग काय! वाऱ्याचा झोत माझ्या नातीच्या मानेवर यायचा. झोतानंच माणसं जातात!” मोजा निघाला, पंखा घुमला, ऊब पाळण्यापर्यंत पोचली. हसून हसून माझे टाके दुखले. वुकाशिननं मोजा हातावर पसरला. “आणि याचा जोडीदार?” सासूबाईंनी हळूच खिडकीतून गाडीकडे बघितलं.